भरलेली भोकं

“सायकल जड नाहीये, तू जड आहेस. आधी एक ताट कमी कर,” मी दादाला म्हणालो, आणि त्यानं हातातला पाना फेकला. माझ्यावर नाही, भिंतीवर. माझ्यावर फेकला असता तर मी परत फेकला असता, हे त्याला माहीत आहे.

“तोंड सांभाळ. चढावर तू चालवून दाखव, मग बोल.”

“मला हरायची हौस नाही.”

“भांडा, भांडा,” मामा शटरजवळून म्हणाला. “पाना वाकला असेल तर तुमच्या दोघांच्या डोक्यात घालून सरळ करतो.”

मामाचं वर्कशॉप खाली आणि आम्ही वर राहतो. आम्ही म्हणजे आई, दादा आणि मी. आई कपडे उसवून, आवळून, सैल करून देते. तिचं मशीन वरच्या खोलीत खिडकीशी असतं. शाळा मी सोडली की शाळेनं मला सोडलं यावर घरात दोन मतं आहेत. काही असो, तेव्हापासून ड्रिल मशीनवर मी असतो. मी कशावरही पेटतो म्हणून मामा मला माचिस म्हणतो. पण ड्रिलवर मी पेटत नाही. तिथं घाई केली की बिट तुटतं आणि तुकडा कुठं जाईल सांगता येत नाही.

तर भांडण शर्यतीचं होतं. आमच्या मागं टेकडी आहे, तिच्यावर पाण्याची टाकी. खालून टाकीपर्यंत वळणावळणाचा रस्ता, आणि वर्षातून एकदा त्याच्यावर सायकलची शर्यत. जो पहिला येतो त्याला सायकल संघाचे मास्तर आपल्या संघात घेतात. संघात गेलं की पगार आणि गावोगावी फिरणं. दादा मागच्या खेपेला दुसरा आला होता, एका चाकानं. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. आणि बाकीच्या पोरांच्या सायकली अशा, की एका बोटावर उचलाव्यात. दादाची सायकल उचलायची तर आधी श्वास घ्यावा लागायचा.

“भोकं पाडू,” मी म्हणालो.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जुने शर्यतवाले असंच करायचे. पेडलच्या दांड्या, चेनचं मोठं चाक, ब्रेकचे लिव्हर, सीटची नळी, जिथं जिथं धातू नुसता बसून खातोय तिथून तो काढून टाकायचा. पंचनं खूण करायची, आधी बारीक बिट, मग मोठं, आणि शेवटी भोकाची धार मारायची, म्हणजे घासून बोथट करायची. धार राहिली की तिथूनच चीर जाते. वजन उतरतं आणि दिसायलाही झकास दिसतं, जाळीसारखं.

दादाची सायकल भोकं पाडायच्या लायकीची नव्हती. मग मामाला माळ्यावरची एक आठवली. कुठल्यातरी घराचं सगळं सामान एकदम उचललं होतं, त्यात आलेली. जुनी शर्यतीचीच सायकल, बारीक नळ्यांची, काळ्या रंगाचे थरावर थर दिलेले. मी ती माळ्यावरून खाली घ्यायला गेलो आणि माझा तोल गेला. एवढी सडपातळ सायकल आणि दादाच्या सायकलीपेक्षा जड.

“आत वाळू भरलीय का हिच्या?” मी म्हणालो.

वाळू नव्हती. मी चेनचं चाक सोडवलं, रॉकेलमध्ये ठेवलं, मग काचकागद मारला. रंग निघाला तसे गोल दिसायला लागले. पोलाद चमकतं तसे ते चमकत नव्हते, मळकट करडे होते. नखानं दाबलं तर नखाची खूण उठली. शिसं होतं ते.

आमच्या आधी कुणीतरी भोकं पाडली होती. चाकाला, दांड्यांना, लिव्हरना, सीटच्या नळीला, आणि ती काय पाडली होती! एका रांगेत, सारख्या अंतरावर, प्रत्येकाची धार मारलेली. ते हात माझ्यापेक्षा चांगले होते, आणि हे मी सहसा कुणाबद्दल म्हणत नाही. आणि मग दुसऱ्याच कुणीतरी ती सगळी भरली होती. शिसं ओतताना ओघळ गेले होते, हातोडीचे घाव भलतीकडेच बसले होते. ज्याला हे काम येत नाही अशा माणसानं घाईघाईत केलेलं काम. सीटच्या नळीपर्यंत येता येता त्याचं शिसं संपलं असावं. तिथल्या भोकांमध्ये खिळे ठोकले होते. एकात चमच्याचा तुकडा होता. एकात शिवणकामाचं टोपण दाबून बसवलं होतं, बोटाला घालतात ते.

“हलकी करायला पाडली आणि जड करायला भरली,” मामा हसून म्हणाला. “त्या घरातही दोन शहाणे असणार. एक तुझ्यासारखा आणि एक माझ्यासारखा.”

मीही हसलो. अर्धं काम आयतं झालेलं होतं. मी शिसं पोखरून काढायला बसलो.

मामाचा एक नियम आहे. धातूचा कीस फेकायचा नाही. काम झालं की ब्रशनं सगळा गोळा करायचा आणि त्या पार्टसोबत काट्यावर ठेवायचा. कामाआधीचं वजन आणि आत्ताचं वजन जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर कीस कुठंतरी सांडलाय, आणि तो कुणाच्या तरी डोळ्यात जाणार.

चेनच्या चाकाचं जुळलं नाही. मी खाली बसून फरशी झाडली. ॲप्रनच्या खिशातून, नखातून, बुटाच्या तळातून जेवढा निघेल तेवढा कीस काढला आणि काट्यावर टाकला. तरी एका अंड्याएवढं वजन कमी. डाव्या दांडीचं त्याहून कमी आलं. उजव्या दांडीला मी खाली पांढरा कागद अंथरला, पंखा बंद केला आणि श्वास रोखून काम केलं. कागदावर सगळा कीस होता, मी शपथेवर सांगतो. तरीही कमी.

“काटा बिघडलाय,” मी ओरडलो.

मामानं काट्यावर एक किलोचं वजन ठेवलं. बरोबर एक किलो. “काटा ठीक आहे. शाळा थोडी आधीच सुटली तुझी.”

“वजाबाकी येते मला!”

“मग कर की. गेलं कुठं ते सांग.”

ते सोडून मी सायकल जोडली. दादानं दोन बोटांनी उचलली, मग एका बोटानं, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी वजाबाकी विसरून गेलो. मोठा भाऊ आपल्याकडं असं रोज रोज बघत नाही.

तो टाकीपर्यंत जाऊन आला. मला वाटलं अर्ध्यातून परतला, एवढ्या लवकर आला.

“चढ लागलाच नाही,” तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

मग तो वर गेला. आमच्या जिन्याची मधली पायरी सैल आहे. कुणीही पाय ठेवला की कण्हते, मांजर गेलं तरी. मी खाली ड्रिल पुसत होतो आणि कान त्या पायरीची वाट बघत होते. वरच्या खोलीचं दार वाजलं. पायरी वाजलीच नव्हती.

दादा रोज जायला लागला आणि रोज आदल्या दिवशीपेक्षा लवकर यायला लागला. बारीक वगैरे झाला नाही. गाल तेच, मांड्या त्याच. आईनं शर्यतीचा टी-शर्ट आवळायला त्याचं माप घेतलं. छाती मोजली, कंबर मोजली, आणि मग पुन्हा छाती मोजली.

“माप तेच आहे,” ती म्हणाली, जणू कुणी वाद घातला होता. मग तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. “खातोस ते अंगाला का लागत नाही रे तुझ्या?”

“लागतं की,” दादा म्हणाला. त्यानं मशीनची कड धरलेली होती.

माझं लक्ष मग त्याच्यावरच राहिलं. दादा कायम काहीतरी धरून असायचा. दाराची चौकट, खुर्चीची पाठ, जिन्याचा कठडा. एक सोडायच्या आधी दुसरं धरायचा. पाण्याचा ग्लास उचलायच्या आधी दुसऱ्या हातानं टेबल पकडायचा. पंखा लावला की उठून भिंतीशी जाऊन बसायचा. मी विचारलं तर म्हणाला, “गार लागतं.” पलंगावर बसला की गादी दबायची नाही. चादरीची घडी होती तशी.

भंगार तोलायचा मोठा काटा वर्कशॉपच्या कोपऱ्यात आहे. एका दुपारी मामा बाहेर गेला होता. मी दादाला म्हणालो, “चढ त्याच्यावर.”

“कशाला?”

“चढ म्हटलं ना.”

“तू कोण रे मला सांगणारा?”

“घाबरतोस?”

मग चढला. एका हातानं खांब धरून.

“खांब सोड.”

त्यानं बोटं एकेक करून सोडली. काटा थोडा हलला आणि थांबला. तो आकडा मला पाठ होता. आमच्या पान्यांची पेटी तेवढी भरते.

दादानंही बघितलं. मग म्हणाला, “मास्तर म्हणायचेच ना, वजन उतरव.” आणि हसला. हसताना त्यानं पुन्हा खांब धरला.

मी आईला सांगितलं नाही. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, “काट्याला तेल घालायला हवं,” आणि घातलं नाही. त्यानंतर त्यानं त्या काट्यावर ताडपत्री टाकली.

शर्यतीचा आदला दिवस उजाडला. सकाळी दादा वर झोपला होता, सायकल खाली स्टँडला. काढलेलं शिसं मी एका डब्यात टाकलं होतं. त्यातला एक तुकडा घेतला, चेनच्या चाकाच्या एका भोकात बसवला आणि हातोडीनं हळूच एक ठोका दिला. मग दुसरा.

वर धप्प आवाज झाला. आई ओरडली.

मी जिना कसा चढलो आठवत नाही. दादा पलंगावरून खाली पालथा पडला होता आणि पूर्ण चढ चढून आल्यासारखा धापत होता. त्याला हात उचलता येत नव्हता.

“काय केलंस?”

“एक भरलं.”

“काढ.”

“दादा, ऐक—”

“छातीवर कुणी बसलंय असं वाटतंय मला. काढ ते!” मग त्याचा आवाज उतरला. माझ्याशी तो कधी असा बोलत नाही. “उद्या संध्याकाळी सगळी भर. एकूण एक भर, मी स्वतः सायकल धरून बसतो. फक्त उद्याची शर्यत होऊ दे. फक्त तेवढी. तुझ्या पाया पडतो.”

आई दारात उभी होती, गळ्यात माप घ्यायची टेप. ती त्याच्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. मी खाली गेलो आणि ते शिसं काढलं. दादा थोड्या वेळानं चहाला खाली आला. पायरी वाजली नाही.

त्याच दुपारी मला नटांचा खोका रिकामा दिसला. आदल्या दिवशी काठोकाठ भरलेला होता. मामाला विचारलं, त्याला माहीत नव्हतं. वर गेलो तर आई खिडकीशी बसून दादाचं जॅकेट शिवत होती. हातानं, मशीनवर नाही. मी जॅकेटची खालची दुमड चाचपली. आत एकाला एक लागून नट होते. प्रत्येक नटाला शिवून वेगळं घर केलेलं. बाह्यांमध्ये होते, कॉलरमध्येही होते.

“आई, हे—”

“वर थंडी असते,” आई म्हणाली. दातानं दोरा तोडला. “अंगातच राहू दे म्हणावं. काही झालं तरी काढायचं नाही. तूही सांग त्याला.”

मी सांगितलं. दादा “बरं” म्हणाला. त्यानं जॅकेट घातलं, तेव्हा कितीतरी दिवसांनी तो काहीही न धरता खोलीच्या मधोमध उभा राहिला. आई त्याच्याकडं बघत राहिली आणि मग तोंड धुवायला गेली.

शर्यतीला ऊन चांगलं होतं. मामा टाकीपाशी थांबला, मी शेवटच्या वळणावर. तिथून खालचा थोडाच रस्ता दिसतो, पण आवाज आधी येतो. चढावर सायकल येते ती आवाज करत येते. चेन करकरते, खडी टायरखाली फुटते, पोरं भात्यासारखी धापत असतात. वारा होता, तरी खालून तो सगळा गोंगाट मला ऐकू येत होता. अजून लांब होता.

आणि वळणावरून दादा आला.

बिलकूल आवाज नाही. रस्त्यावर खडी पसरलेली होती, तिच्यावरून त्याची चाकं गेली आणि एक खडा हलला नाही.

त्याच्या अंगात नुसता टी-शर्ट होता.

“जॅकेट कुठाय?” मी ओरडलो.

“टाकलं खाली!” तो हसत होता. “जड झालं होतं रे!”

शर्यतवाल्याचं डोकं असंच चालतं. चढ अंगावर आला की जे जड ते फेकायचं. पाण्याची बाटली फेकतात, टोपी फेकतात. हे आईला कसं माहीत असणार? मला माहीत होतं.

जॅकेट खाली होतं आणि दादा वर. मी वर पळालो.

टाकीपाशी टाळ्या चालल्या होत्या. माईकवर कुणीतरी “पहिला! पहिला!” करत होतं.

दादा टाकीच्या कठड्याशी उभा होता. दोन्ही हात मागं नेऊन त्यानं कठडा धरला होता. बोटं पांढरी पडली होती. मास्तर त्याच्या खांद्यावर थापा मारत होते, “शाबास, पोरा, शाबास,” आणि प्रत्येक थापेला दादा हलत होता. माणूस हलतो तसा नाही. दोरीवरचा कपडा हलतो तसा.

वर वारा जास्त होता.

मी मध्ये घुसलो आणि त्याच्या कमरेला मिठी मारली.

“सोड, फोटो काढतायत,” दादा ओठ न हलवता म्हणाला.

“हसत राहा,” मी म्हणालो.

मी खाली बघितलं. त्याच्या बुटांखालचं गवत उभं होतं.

मी त्याला पाठीवर घेतलं. लोकांना ते फार आवडलं. “वा रे भाऊ!” कुणीतरी ओरडलं. कुणी म्हणालं, “पेलतोय का रे?” पाठीवर मला दादाचे हात लागत होते, हनुवटी लागत होती, पण त्याचं वजन लागत नव्हतं. मी उतार उतरत होतो आणि वाऱ्याचा झोत आला की मला दादा खाली नाही, वर ओढत होता. वाटेत ते जॅकेट सापडलं. मी ते त्याच्याभोवती गुंडाळलं आणि बाह्यांची गाठ मारली. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

“सायकल,” तो शेवटी म्हणाला. “सायकल वरच राहिली. कठड्याला टेकवलीय.”

आमच्यामागं उतरलेला मामा परत वर गेला. कठड्याला काही नव्हतं. लोकांना विचारलं, कुणी बघितली नव्हती. एका लहान मुलीनं बघितली होती. तिनं हात करून दाखवलं. मामाला वाटलं ती रस्ता दाखवतेय, म्हणून तो त्या बाजूच्या उतारावर शोधायला गेला. मी मामाला नंतर विचारलं, हात नेमका कुठं केला होता. मामानं सांगायला आपला हात उचलला, अर्ध्यात थांबला आणि खाली घेतला.

आता शिसं भरलेला डबा माझ्यासमोर आहे. एकूण एक भोक भरायला पुरेल एवढं शिसं आहे. भरायला सायकल नाही.

मामा रोज उजाडलं की टेकडीपलीकडं जातो, झाडांकडं बघत फिरतो. मास्तरांचे फोन येतात, संघात कधी येतोय म्हणून. पाय मुरगळलाय, असं आई सांगते. दादाला ती खिडकीपाशी बसू देत नाही. जॅकेट आता पुरत नाही, रजईतही शिवून झालं, तेही पुरत नाही. म्हणून आम्ही पाळ्या लावल्यात. एकानं दादाला धरून बसायचं, दुसऱ्यानं जेवायचं, झोपायचं. माझी पाळी संपली म्हणून मी खाली येऊन हे लिहायला बसलो. दादा झोपेत गप्प असतो, जागा असला की संघाबद्दल बोलतो. कुठकुठं जायला मिळालं असतं ते सांगतो.

वरून आईची हाक येतेय. ओरडून नाही, साध्याच आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

“येतोस का रे? मला एकटीला धरवत नाहीये आता.”

दादाही काहीतरी बोलतोय. तो खोलीतून बोलत नाहीये, त्याचा आवाज खिडकीच्या बाहेरून येतोय.

मला आता जायला हवं.